गाडी बंद पडत नाही

"दिन्या, गाडी बघ जरा. बंद पडंना झालीया."

रुद्राप्पा तोलारांनी हे इतक्या गंभीर तोंडानं सांगितलं, की माझ्या हातातला टेस्टर हातातच राहिला. शेजारच्या गॅरेजात नूर मिस्त्री कुणाचं तरी इंजिन उकलून बसला होता. तो तिथनंच ओरडला, "आप्पा, चालू हुईना म्हणायचंय का तुमास्नी?"

"चालू हुत्या की. एका किकंत हुत्या. बंद पडंना म्हणतोय मी."

नूरभाईनं पाना खाली ठेवला. समोर बांगड्यांच्या दुकानात त्याची बायको, हसीनाभाभी, एका पोरीच्या मनगटात बांगडी चढवत होती, तिचाही हात थांबला. आणि मग जो काय हशा उसळला! मी तर पोट धरून बाकड्यावर आडवाच झालो.

गडहिंग्लजच्या पेठेत तेव्हा माझं आणि नूरभाईचं दुकान खेटून होतं. तो इंजिनचा मिस्त्री, मी गाड्यांचा वायरमन. आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी, की गाडी बंद पडली की मिस्त्री म्हणणार वायरिंगचा घोळ आहे, आणि वायरमन म्हणणार कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. गिऱ्हाईक बिचारं गाडी ढकलत इकडनं तिकडं. बाकी मी तिशीतला, बिनलग्नाचा, आणि चेष्टेला हपापलेला. नूरभाईच्या स्कूटरचा हॉर्न मी एकदा ब्रेकला जोडून ठेवला होता. सासुरवाडीच्या दारात त्यानं ब्रेक दाबला आणि सगळी गल्ली बाहेर आली. त्यानं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आठवडाभरच, कारण त्याच्याशिवाय मला आणि माझ्याशिवाय त्याला करमत नव्हतं.

पण आप्पा हे चेष्टेचं गिऱ्हाईक नव्हे. गुळाच्या अडतीत आयुष्यभर काटा धरलेला माणूस. बोलणंसुद्धा तोलून. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पुलावर बंद पडायची. आता वरीस झालं, एकदाबी न्हाई."

हे खरं होतं. त्यांच्या काळ्या मोटरसायकलीची ती खोड गावाला माहीत होती. नदीवरच्या पुलाच्या मध्यावर आली की मुकाट बंद. रोज नव्हे, कधी आठवड्यातनं एकदा, कधी लागोपाठ दोनदा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आप्पा आणि त्यांच्या मंडळी, अक्का, पुलाच्या कठड्यावर बसलेले दिसायचे. 'काय आप्पा, बसली काय म्हस पाण्यात?' असं विचारून लोक पुढं जायचे. नूरभाईनं त्या गाडीचा कार्बोरेटर इतक्यांदा धुतला असेल, की तेवढ्या पेट्रोलात बेळगावला जाऊन आला असता.

"अक्का गेल्यापास्नंच की वो," हसीनाभाभी हळूच म्हणाली.

आप्पांनी टाकीवरची धूळ पंचानं पुसली. "पोरगा पुण्यासनं नवी स्कूटर धाडाय लागलाय. ही संकेश्वरच्या एका माणसाला द्यायची ठरलीया. बाजारादिवशी येऊन नेणार तो. त्याच्या आदी एकदा पुलावर बंद पडू दे. बास. एकदाच."

का, ते विचारायची कुणाला छाती झाली नाही. नूरभाईनंच कोंडी फोडली. "आप्पा, दुखतंय तवर दुखणं शोधता येतंय. थांबलेलं दुखणं कोण शोधणार? ह्या दिन्याच्या तर बापाला बी जमायचं न्हाई."

"माझा बाप न्हावी नव्हता नूरभाई, तरी तुझी मिशी उतरवीन मी," मी म्हणालो. तोंड माझं कधीच ताब्यात नव्हतं. "बाजारादिवशी सूर्य मावळायच्या आत ही गाडी पुलावर बंद पाडून दावतो. पेट्रोल आसताना, चावीला हात न लावता. जी वायर खोड करायची ती शोधून."

"आणि न्हाई पडली तर?"

"तू म्हणशील ते."

"म्या सांगते," भाभी दुकानातनं उतरून आली. तिच्या डोळ्यांतली चमक बघून मला तेव्हाच पळायला पाहिजे होतं. "हारंल त्यानं माझं लुगडं नेसायचं. हातभर बांगड्या भरायच्या. आणि आप्पांच्या मागं एका अंगाला पाय सोडून बसायचं, बाईगत. भर बाजारातनं पुलापातूर आणि परत. परत आल्यावर चौकात हुबं ऱ्हाऊन तीनदा म्हणायचं, मी हरले."

"आणि नूरभाई हरला तर?"

"तर त्यानं. मला काय, दोघंबी सारखंच वंगाळ दिसशीला."

आम्ही हातावर हात मारले. आप्पांना विचारायचं राहिलंच होतं. मला वाटलं रागावतील. गाडीवर मागं लुगडं नेसलेला बाप्या घेऊन बाजारातनं फिरायचं, त्या वयात, त्या माणसानं! पण ते एवढंच म्हणाले, "चालंल. कुणीतरी बसंल तरी मागं."

---

गाडी मी दुकानात घेतली आणि आधी आप्पांनाच बाकड्यावर बसवलं. न दिसणारा दोष शोधायचा तर गाडीच्या आधी मालकाला उकलावं लागतं.

"बंद पडताना आचके द्यायची का? फट फट, भुर्रर्र, असं?"

"न्हाई. एकदम. दिवा विझल्यागत."

म्हणजे पेट्रोलचा दोष नव्हे. पेट्रोल तुटलं की गाडी आधी कुरकुरते, मग पडते. झटकन विझते ती करंटनं. मी नूरभाईकडं बघून डोळा मिचकावला. इतकी वर्षं त्यानं कार्बोरेटर उगाचच धुतला होता.

"बंद पडल्यावर हॉर्न वाजायचा?"

"वाजायचा. लाईटबी लागायची."

म्हणजे बॅटरी जागेवर, चावी जागेवर. मरत होती ती फक्त ठिणगी. प्लगपर्यंत जाणारा करंट कुठंतरी वाटेत पळत होता. कुठली तरी वायर सोललेली असणार, आणि पुलावरच्या सांध्यांवर गाडी उडाली की ती चासीच्या लोखंडाला टेकत असणार. सोपं!

सोपं म्हणालो खरं. हँडलच्या मानेतला वायरींचा जुडगा मी बोटाबोटानं चाचपला. तिथंच वायरी घासतात, हँडल डावी-उजवीकडं वळून वळून. गाडी चालू ठेवून हँडल गरागरा फिरवलं. एक ठोका चुकला नाही. चावीखालचा कपलर हलवला, प्लगची टोपी काढून घासली, कॉईल तापवली, पाणी मारलं, पॉईंट बघितले. गाडी आपली शिवण-मशीनसारखी चालूच. इतकी निरोगी गाडी माझ्या दुकानात दुसरी आली नव्हती. माझा जीव रडकुंडीला, आणि शेजारनं नूरभाईचं सुरू, "तुझ्या भाभीचं लुगडं इस्त्रीला टाकू का रं दिन्या? का परकर आधी?"

सीटखाली एक काळी वायर मागं गेलेली दिसली. ती मी सोडून दिली. काळी म्हणजे अर्थिंगची, चासीला जोडलेली; तिच्यात करंटच नसतो तर दोष कुठला? माझे वस्ताद भैरू सुतार तर मी शिकत होतो तेव्हा ह्याच गाडीवर मला ओरडले होते, 'त्या काळीला शिवायचं न्हाई. अर्थची हाय ती.' वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा शब्द माझ्या बोटांत बसला होता.

शेवटी मी माझ्या वळणावर गेलो. ठिणगी पाडणाऱ्या कॉईलची एक क्लिप अशी सैल करून ठेवली, की धक्क्यासरशी निसटावी. पुलावरचा पहिला सांधा आला की गाडी खलास, पैज खिशात. आप्पांना म्हणालो, "चला, ट्रायल घेऊया."

मी मागं पाय टाकून बसलो, हात मांडीवर. पेट्रोल पंपापुढच्या गतिरोधकावरच क्लिप अर्धवट निसटली, आणि गाडी आचके देत, कण्हत कण्हत बंद पडली.

"पडली आप्पा, पडली!"

आप्पा खाली उतरले. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ही ती न्हवं."

"अहो, बंद पडली न्हवं का?"

"तू पाडलीस. ती आपली आपण पडायची."

मी मुकाट क्लिप दाबून बसवली. "चला, पुलापर्यंत तर जाऊन येऊ," म्हणालो.

पुलावर गाडी अर्थातच बंद पडली नाही. आप्पांनीच चावी फिरवली आणि थांबवली. खाली हिरण्यकेशीच्या पाण्यात म्हशी डुंबत होत्या. आप्पा कठड्यापर्यंत गेले, पण बसले नाहीत. उभेच राहिले.

"असं चावी फिरवून हुबं ऱ्हायलं की कसंतरीच वाटतंय," ते म्हणाले. "आपुन हून थांबल्यागत."

"मग त्यात काय आप्पा?"

"आमी कवा थांबलोच न्हाई रं आपुन हून. घरात तीन भावांचा बारदाना. पोरं, सुना, पावणं. माझं नि तिचं बोलणं म्हणजे आमटीत मीठ कमी हाय, एवढंच. तेबी मधे कुणीतरी बसल्यालं. हिकडं रानात भाकरी घिऊन यायची माझ्यासंगं, माघारी जायची. गाडीवर वाऱ्यात काय बोलणार? मला तर काट्यावर पोचायची घाई. थांबूया का म्हणाली आसती, तर मी म्हणालो आसतो, कशाला?" त्यांनी कठड्यावर हात फिरवला. "गाडी पडायची बंद, आणि मग काय इलाजच न्हाई. बसायचो हितं. मी गाडीला शिव्या द्यायचो. ती म्हणायची, शिव्या दिऊ नका, दमली आसंल बिचारी. मग बोलायची. पाण्याकडं बघत. काय काय बोलायची! मला ठावंच नव्हतं तिला एवढं बोलाय येतंय."

मी उगाच मागचा टायर दाबून बघितला.

"मग चालू कशी व्हायची गाडी?" मी शेवटी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"मी किका मारून मारून घामाघूम. न्हाई म्हणजे न्हाई. मग ती उठायची, सीटवर हात टेकून हुबारायची, पदर सावरायची आणि म्हणायची, 'आता मारा.' की हुयाची चालू. एका किकंत." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "हातगुण आसतोय एकेकाचा."

मी वायरमन होतो. तरी त्यातली मेख मला कळली नाही, असा गाढव.

---

बाजारादिवशी सकाळी मी नूरभाईपुढं हात जोडले. "हरलो."

"असं न्हाई. ते चौकात, तीनदा, बायकी आवाजात," असं म्हणून त्यानं दुकानातनं टेबल बाहेर काढलं, म्हणजे मला लांबनंही लोकांनी बघावं.

भाभीनं मला हिरवं लुगडं नेसवलं. निऱ्या खोचताना तिला इतकं हसू येत होतं, की दोनदा सगळं सुटलं. बांगड्या चढेनात, साबण लावून, हाताची हाडं गोळा करून, माझ्या तोंडचा आयमायचा उद्धार ऐकत तिनं त्या चढवल्या. कपाळावर टिकली लावली, आणि मिशीकडं बघून कपाळाला हात लावला. मी काय लाजणारा! पदर दातात धरून टेबलावर गिरकी घेतली. भाजीवाल्या बायकांनी टोपल्या सोडल्या, कापडवाला गज टाकून आला. "अगं कुणाची गं ही सून?" "कापशीची वाटत्या, चपलांच्या गावची, पाय बघ केवढं हायत!"

आप्पा गाडी घेऊन आले. पांढरं धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, जणू लग्नाला निघालेत. संकेश्वरचा माणूस दुपारी येणार होता, गाडीचं हे शेवटचंच पळणं होतं. मी एका अंगाला पाय सोडून मागं बसलो. आप्पांनी मान किंचित वळवली. "बसलीस?" असं म्हणाले. आणि मग जीभ चावली. "बसलास न्हवं?"

"बसले वो!" मी किंचाळलो. बाजार खदखदला. गाडी निघाली.

माळवं, तंबाखू, मिरचीचे ढीग, सगळ्यांमधनं आमची वरात. पोरं मागं पळत होती. वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपमधल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी सगळ्यांना पदरानं वारा घालत होतो. बाजार संपला तशी पोरं गळाली, शिट्ट्या मागं राहिल्या. आणि मग मला कळलं, एका अंगाला बसणं हे काय काम आहे! आम्ही बाप्ये पाय टाकून बसतो, आमचं काही जात नाही. हे म्हणजे सारखं पुढं घसरणं. गाडीनं गचका खाल्ला की जीव वर येतो. उजवा हात आप्पांच्या खांद्यावर टाकला. पुलाचा पहिला सांधा आला, गाडी उडाली, आणि मी पडता पडता डावा हात सीटच्या कडेखाली खुपसला.

तिथं बोटं बसायला जागा होती. अशी जागा, की जणू कुणीतरी मापानं केलेली. रेक्झिन आत वळलेलं, पत्र्याची कड घासून घासून गुळगुळीत झालेली. आणि मधल्या बोटाखाली एक बारीकसा खटका. सांधा परत आला, मी गच्च धरलं, आणि तो खटका सरकला.

टिक.

गाडी विझली. दिव्यासारखी.

आप्पांनी ब्रेक मारला नाही. गाडी आपली आपण पळत गेली, हळू झाली, आणि पुलाच्या मध्यावर जाऊन थांबली. वारा ऐकू यायला लागला. आप्पांचे दोन्ही हात हँडलवर तसेच.

"आली," ते म्हणाले. "हीच. हीच ती."

त्यांनी स्टँड लावलं, एकही किक मारली नाही, आणि सरळ जाऊन कठड्यावर बसले. डाव्या अंगाला जागा सोडून. मला म्हणाले, "बस."

मी लुगडं सावरत जाऊन बसलो. खाली एक म्हैस मान वर करून आमच्याकडं बघत होती. आप्पा पाण्याकडं बघत राहिले. किती वेळ, देव जाणे. त्यांचे ओठ मधेच हलल्यासारखे वाटले. मला बांगड्या वाजवायचीही भीती वाटली.

मग ते म्हणाले, "दिनकर, हात कुठं हुता रं तुझा?"

मी काहीतरी चेष्टा करणार होतो. तोंडाशी आलीही होती. पण निघाली नाही. उठून गाडीपाशी गेलो, सीटखाली बोट दाखवलं. आप्पा वाकले, हात आत घातला, खटका सापडला. टिक. टिक. परत टिक. कान लावून ऐकत राहिले. काट्याचं पारडं स्थिर व्हायची वाट बघितल्यासारखे.

"काय हाय हे?"

"चोर बटण, आप्पा. चोरानं गाडी नेऊ नये म्हणून लपवून बसवत्यात. हे सरकवलं की ठिणगी मरती. परत सरकवल्याबिगर गाडी चालू हुत न्हाई, कितीबी किका मारा."

"कुणी बसवलं?"

मी सीट उचलली. ती काळी वायर, जिला मी अर्थिंगची समजून सोडलं होतं, ती ह्या खटक्यालाच येत होती. जोडावरची टेप सोलली, तर आत लाल दोऱ्याचे वेढे. टेपखाली लाल दोरा गुंडाळणारा माणूस जिल्ह्यात एकच होऊन गेला.

"माझ्या वस्तादांनी."

"भैरूनं? मी तर कवा सांगितलं न्हाई त्याला." असं म्हणून ते थांबले. टोपी काढली. डोक्यावरनं हात फिरवला. परत टोपी घातली.

मी पेठेतला एक नंबरचा चेष्टेखोर समजत होतो स्वतःला. एक हॉर्न ब्रेकला जोडला, तर ते गावभर सांगत फिरलो होतो. आणि ही बाई! कधी मान वर करून बोलली नाही कुणाशी. नवऱ्याला फसवलं, नूरभाईला फसवलं, मला फसवलं, वस्तादांच्या तोंडाला कुलूप घातलं. वर्षानुवर्षं. आणि शेवटपर्यंत ओठ उघडला नाही.

आप्पांच्या पोटातनं कसलातरी आवाज आला. मला वाटलं, रडतायत. बघतो तर हसत होते. खांदे गदगदा हलत होते. "मापात छटाकभर फरक पडला तर मला कळतोय रं! सगळी अडत म्हणायची, आप्पाच्या डोळ्याला चुकवणारा जन्माला यायचाय! आणि ही... दमली आसंल बिचारी, म्हणायची! हात टेकून हुबारायची, आणि..." डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि हसू थांबत नव्हतं. मी पदर पुढं केला. त्यांनी डोळे पुसले.

मग म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई. ही तिची खोड हाय."

"सांगायचं न्हाई? मग पैज? आप्पा, मी जिंकलो की! पुलावर बंद पडली, चावीला हात न लावता!"

"बघितली कुणी?"

मी इकडंतिकडं बघितलं. "त्या म्हशीनं."

"तिला चौकात आण. न्हाईतर हारलास."

आयुष्यात एकदाच मी नूरभाईला खरंखुरं हरवलं होतं, आणि तेच नेमकं सांगायचं नव्हतं. मी मुकाट परत एका अंगाला पाय सोडून बसलो. डावा हात सीटखाली. खटका सरकवला. पुढं कळतंच होतं काय म्हणायचं ते, पण ते म्हणायचा हक्क माझा नव्हता. आप्पांनी क्षणभर वाट बघितली आणि किक मारली.

---

चौकात सगळा बाजार आमची वाट बघत होता. टेबल मांडलेलं. भाभी हातात हार घेऊन उभी, कांद्याच्या पातीचा. आणि नूरभाईच्या बाकड्यावर पांढऱ्या टोपीचा एक गोल माणूस चहा पीत बसलेला. संकेश्वरचा. आमच्याकडं बघून खुशीत म्हणाला, "पळत्या की झकास! वेळंवर आला आप्पा."

आप्पांनी गाडी हळू केली. मान न वळवता, ओठ न हलवता म्हणाले, "दिन्या."

"काय आप्पा?"

"दाब."

माझ्या अंगावर काटा आला. असा आनंदाचा काटा चेष्टा करणाऱ्यालाच ठाऊक. मी पदर सावरला, आणि दाबलं.

गाडी बरोबर त्या माणसाच्या पायापुढं विझली. आप्पांनी किक मारली. परत मारली. चेहरा असा पडलेला, की मलाही खरं वाटावं. मी खाली उतरून तोंडाला पदर लावला.

"सरा, सरा, मी बघतो," नूरभाई बाह्या सरसावून आला. किका हाणल्या. प्लग काढला, पुसला, बसवला. परत किका. घामानं सदरा अंगाला चिकटला. संकेश्वरचा माणूस चहाचा ग्लास धरून जवळ आला. "काय झालंय वो मिस्त्री?"

"वायरिंग हाय ह्यात. ह्या बाईला इचारा."

"कार्बोरेटर हाय वो दाजी," मी पदराआडनं म्हणालो. "आमचं भाऊजी उगंच वायरिंगवर ढकलत्यात."

"तू गप बस गं सटवे!" नूरभाई धापा टाकत म्हणाला, आणि सगळा बाजार हसत सुटला.

त्या माणसानं एकदा मिस्त्रीकडं बघितलं, एकदा माझ्या मिशीकडं बघितलं, आणि ग्लास बाकड्यावर ठेवला. "आप्पा, राग मानू नका. गाडी लहरी दिसत्या. मला रोज निपाणीला जायचं आसतंय. नको मला." आणि तो एस्टी स्टँडच्या वाटेला लागला.

आप्पा त्याच्या पाठीकडं बघत उभे राहिले, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. मग गाडीजवळ आले. दमल्यासारखा डावा हात सीटवर टेकला, कडेखाली बोटं गेली. पंचाचं टोक खांद्यावर सावरलं. आणि नूरभाईला म्हणाले, अगदी हळू, मी तो आवाज त्यांच्या तोंडी आधी कधी ऐकला नव्हता,

"आता मार."

एका किकेत गाडी चालू झाली. नूरभाईचा पाय हवेतच राहिला. "या खुदा!" एवढंच तो म्हणाला.

"चालायचंच नूर. दमली हुती बिचारी," आप्पा म्हणाले आणि गाडीवर बसले.

"पुलावर पडली का न्हाई, ते सांग आदी!" भाभी ओरडली. सगळा बाजार माझ्याकडं बघायला लागला. आप्पाही. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, पण गाडीचा आवाज त्यांनी कमी केला होता, माझं उत्तर ऐकायला.

मी टेबलावर चढलो. कांद्याच्या पातीचा हार गळ्यात घालून घेतला. हात वर केले, बांगड्या खळाळल्या.

"न्हाई पडली!" मी बोंब ठोकली. "मी हरले! हरले गं बायांनो, हरले!"

बाजारानं टाळ्या पिटल्या, नूरभाईनं मला टेबलावरनं उचलून खांद्यावर घेतलं, लुगडं सुटत चाललेलं, मी एका हातानं निऱ्या धरलेल्या. त्या खांद्यावरनंच मला दिसलं. आप्पांनी गाडी वळवली होती. घराकडं नव्हे. पुलाकडं.